पावसाळा आला की ग्रुप डावीकडे सरकतो: जुन्या लाकडी बटाच्या .22 रायफलचा इलाज

जून संपत आला की आमच्या नेमबाजीच्या क्लबात एक तक्रार हमखास येते. "मार्चमध्ये हीच रायफल दहात मारत होती, आता ग्रुप डावीकडे जातोय आणि पसरतोयही." (ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका.) मुलं मागच्या साइटला उजवीकडे क्लिक देतात, म्हणजे तिचं चक्र टप्प्याटप्प्याने फिरवून नेम सरकवतात. दोन दिवस बरं चालतं, तिसऱ्या दिवशी गोळ्या परत डावीकडे. दिवाळीनंतर रायफल आपोआप ताळ्यावर येते आणि सगळे ती गोष्ट विसरतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी या फेऱ्यात तीन पावसाळे घालवले आहेत. माझ्याकडे जर्मन बनावटीची जुनी, सेकंडहँड घेतलेली बोल्ट-अ‍ॅक्शन मॅच रायफल आहे, अक्रोडाच्या बटाची (बट म्हणजे नळी ज्यात बसते तो सगळा लाकडी भाग). पहिल्या वर्षी मी दोष गोळ्यांना दिला आणि महागडा लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) घेतला. दुसऱ्या वर्षी स्वतःला दिला आणि प्रोनची, म्हणजे पोटावर झोपून मारण्याची, पोझिशन मुळापासून बदलली, त्यात चांगली बसलेली पोझिशनही गेली. तिसऱ्या वर्षी नवीन बॅरल मागवायला निघालो होतो. आयातीचा खर्च धरला तर ते बॅरल रायफलीच्याच किमतीला जाऊन भिडत होतं. ज्या आर्मररकाका­ंकडे चौकशीला गेलो (आर्मरर म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर), त्यांनी रायफल हातात घेतली, बटाच्या पुढच्या भागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नळी मागवायच्या आधी घरून काजळाची डबी घेऊन या."

त्या डबीने काय दाखवलं, ते पुढे येईलच. आधी एक स्पष्ट करतो. परदेशात लोक अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला धातूचा भाग), बॅरल, बट वेगवेगळं विकत घेऊन घरच्या टेबलावर टार्गेट रायफल जुळवतात. आपल्याकडे तसं करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, तपासून देणं या सगळ्याला परवाना लागतो. त्यामुळे कमी पैशांत अचूक रायफल हवी असेल तर आपला मार्ग एकच: चांगल्या बॅरलची जुनी मॅच रायफल कायदेशीर मार्गाने घ्यायची, नाहीतर क्लबाची वापरायची, आणि परवानाधारक आर्मररच्या हाताखाली तिच्यातले एकेक दोष काढायचे. खाली जे लिहिलंय त्यातलं तपासणीचं काम तुम्ही स्वतः करू शकता. बॅरल, बोल्ट, ट्रिगर यांना हात लावायचा तो आर्मररने. लाकडाचं कामही मी त्यांच्या बाकावर, त्यांच्या देखत केलं. आणि प्रत्येक तपासणीच्या आधी बोल्ट बाहेर, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघितलेलं आणि बोटाने चाचपलेलं. याला अपवाद नाही.

ग्रुपचा आकार बघा, स्कोअर नको

50 मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि नऊचा 26.4. म्हणजे सात-आठ मिलिमीटरचा सरकाव एखाद्या चांगल्या नेमबाजाची सगळी मालिका खराब करायला पुरतो. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तेव्हा पात्रता फेरीत त्याचे 60 गोळ्यांत 590 गुण होते. त्या गुणांवर तो सातवा आला आणि फायनलमध्ये पोचला. पहिल्या आठांतच जागा असते. तिथे एकेका गुणाला काय किंमत आहे, ते यावरून कळतं. आमच्याकडे येणारी मुलं त्या पातळीपासून फार लांब आहेत, पण त्यांचे गुण रायफलीमुळे जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःचं चुकतंय समजून रडते आणि चूक लाकडाची असते, हे मी बघितलंय.

तर वारा नसलेल्या सकाळी, एकाच लॉटच्या गोळ्यांनी चार ग्रुप मारा, प्रत्येकी दहा गोळ्यांचे. दोन रेस्टवर, वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन. दोन प्रोनमध्ये, स्लिंग (दंडाला अडकवून रायफल धरायचा पट्टा) नेहमीसारखी ताणून. मध्ये साइटला हात लावायचा नाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. पाच गोळ्या नशिबानेही एकत्र पडतात. चाळीस गोळ्या जातील याचं वाईट वाटतं, कारण गोळ्यांचा कोटा मोजका असतो. पण मी अंदाजाने क्लिक फिरवण्यात तीन वर्षांत हजारो घालवल्या.

आता चारही टार्गेटं शेजारी ठेवा.

ग्रुप उभा पसरलाय का? मग लाकडाकडे नंतर बघा, आधी गोळ्या आणि फायरिंग पिन. हिशोब सोपा आहे. .22 ची मॅच गोळी सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते, 50 मीटरला पोचायला तिला 0.16 सेकंदाच्या आसपास लागतात आणि तेवढ्यात ती बॅरलच्या रेषेपासून सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. एखादी गोळी सेकंदाला दहा मीटर हळू निघाली तर ती सात-साडेसात मिलिमीटर खाली लागणार. गोळ्यांचा वेग एकसारखा नसेल किंवा पिनचा ठोका कधी जोरात, कधी हलका पडत असेल, तर ग्रुप उभाच होतो.

दोन वेगळे पुंजके दिसतायत का, चार इथे आणि सहा तिथे? काहीतरी सैल आहे. अ‍ॅक्शनचे स्क्रू, साइटची पकड किंवा पुढच्या साइटचा स्क्रू.

आणि रेस्टवर ग्रुप ठीकठाक गोल, पण स्लिंग ताणली की डावीकडे सरकलेला आणि आडवा पसरलेला? (उजव्या हाताने मारणाऱ्यांबद्दल बोलतोय; डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) रायफल तिरकी धरण्याची सवय नसेल आणि वारा खरंच पडलेला असेल, तर हाच आमचा पावसाळी आजार. वाऱ्याची खात्री करून घ्याच, कारण ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा .22 ची गोळी 50 मीटरवर इंचभर सहज ढकलतो.

काजळाची परीक्षा

कारण असं. जुन्या मॅच रायफलीत जाड बॅरल अ‍ॅक्शनला घट्ट बसलेलं असतं आणि पुढे ते बटाला कुठेही न टेकता हवेत राहायला हवं. बटात त्यासाठी खोबण असते. लाकूड ओलावा शोषून आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. घराची दारं जुलैमध्ये चौकटीत अडकतात, तेच इथे होतं. बटाला बाहेरून पॉलिश असतं, पण खोबणीच्या आतलं लाकूड अनेकदा कोरडंच सोडलेलं असतं, आणि ओल तिथूनच शिरते. भिंत बॅरलच्या अंगाला येते. मग स्लिंगचा ताण बटाचं टोक डावीकडे आणि खाली ओढतो, उजवीकडची भिंत बॅरलला टेकते आणि बॅरलला डावीकडे रेटते. दर गोळीला स्लिंगचा ताण केसभर वेगळा, म्हणून रेटाही वेगळा, म्हणून ग्रुप आडवा.

पहिली तपासणी कागदाची. साध्या छपाईच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा, एकदा दुमडा आणि बटाच्या टोकाकडून बॅरलखाली घालून अ‍ॅक्शनपर्यंत सरकवत न्या. माझी पट्टी रायफल टेबलावर असताना सरळ आत गेली होती, आणि तिथेच मी दोन वर्षं फसलो. पट्टी स्लिंग ताणलेल्या अवस्थेत घालायला हवी. नेमबाजाने प्रोनमध्ये झोपायचं, रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, आणि दुसऱ्याने बाजूने पट्टी सरकवायची. त्या स्थितीत माझी पट्टी हँडस्टॉपच्या (बटाखाली हात टेकवायच्या अडसराच्या) थोडी पुढे उजवीकडे अडकली.

दुसरी तपासणी काजळाची. आर्मररकाकांनी बट सोडवली, बॅरलच्या खालच्या अर्ध्या गोलाईला बोटाने काजळाचा पातळ हात दिला, रायफल परत जुळवली, स्क्रू नेहमीइतके आवळले, मला स्लिंग लावून पाच मिनिटं झोपायला लावलं आणि पुन्हा सोडवली. खोबणीच्या उजव्या भिंतीवर जेमतेम बोटाच्या पेरभर काळा डाग होता. मागे, अ‍ॅक्शनखाली, आणखी एक गोष्ट दिसली: काजळ फक्त दोन ठिपक्यांवर उमटलं होतं. म्हणजे अ‍ॅक्शन लाकडावर पसरून बसतच नव्हती, दोन उंचवट्यांवर तोलली जात होती. तिसरा पावसाळा चालू होता, आणि आजाराचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घासायचं ओल्यात, सील करायचं कोरड्यात

हा मुद्दा मला कुठेच सांगितलेला मिळाला नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅरलची खोबण रुंद करायची ती लाकूड सगळ्यात जास्त फुगलेलं असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. जानेवारीत पट्टी सहज जाते म्हणून तेव्हा थोडंच घासलं, तर पावसात ती जागा परत बंद होते. आम्ही बॅरलपेक्षा दोनेक मिलिमीटर जाड असा पडद्याच्या लाकडी दांड्याचा तुकडा घेतला, त्यावर 80 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि लांब, सरळ हाताने खोबण घासली. एकाच जागी घासलं तर खड्डा पडतो. दर दहा-बारा हातांनंतर पुन्हा काजळ, पुन्हा जुळवणी. दोन्ही बाजूंना आणि खाली मिलिमीटरभर मोकळी जागा मिळाली की थांबायचं. याहून जास्त केल्याने अचूकता वाढत नाही, बटाच्या भिंती मात्र कमजोर होतात.

सील करायचं काम लगेच करू नका. फुगलेल्या लाकडाला वार्निश मारलं तर आतली ओल आतच अडकते. बट दिवाळीनंतर सुकू द्यावी, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत खोबण, अ‍ॅक्शनखालची जागा, स्क्रूची भोकं आणि बटप्लेटमागचं आडवं कापलेलं लाकूड पॉलीयुरेथेन वार्निशने बंद करावं. पहिला हात पातळ करून, म्हणजे तो आत मुरतो. नंतरचे दोन हात तसेच. बटप्लेटमागची जागा बहुतेक जण विसरतात आणि सगळ्यात जास्त ओल तिथूनच शिरते, कारण लाकडाच्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. जवसाचं तेल सुंदर दिसतं, हाताला छान लागतं, पण हवेतला ओलावा ते फारसा अडवत नाही. बाहेरून हवं तर तेल ठेवा, आतून वार्निशच.

अ‍ॅक्शनची बैठक

खोबण मोकळी केल्यावर माझा ग्रुप डावीकडे जायचा थांबला. तरी रोज सकाळी थोडा वेगळ्या जागी बसायचा. याचं कारण ते दोन ठिपके. लाकूड फुगतं, आकसतं, त्याबरोबर स्क्रूची पकडही बदलते. जूनमध्ये व्यवस्थित आवळलेला स्क्रू डिसेंबरमध्ये सैल सापडतो, आणि डिसेंबरात आवळलेला पावसात लाकूड चेपून बसतो.

याची तपासणी डायल गेजने, म्हणजे केसभर हालचाल सुईने मोजणाऱ्या यंत्राने, होते. गेजचा चुंबकी पाय बॅरलवर, सुई बटाच्या टोकाला टेकवलेली. पुढचा स्क्रू हळूहळू सैल करत सुईकडे बघायचं. सुई 0.05 मिलिमीटरच्या आत हलली तर बैठक चांगली. माझी त्याच्या चौपटीहून जास्त हलली, म्हणजे स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन दरवेळी वाकत होती. गेज विकत घेऊ नका. कुठल्याही लेथवाल्याकडे असतो, तासाभरासाठी कोणीही देईल.

इलाज दोन भागांत आहे आणि तो आर्मररकडूनच करून घ्यावा. स्क्रूच्या दोन्ही भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे तुकडे बसवायचे, म्हणजे स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो. आणि अ‍ॅक्शनखाली पोलादाची पूड असलेल्या इपॉक्सीचा पातळ थर देऊन त्यात अ‍ॅक्शनचा ठसा घ्यायचा. ठसा घेताना धातूला मेणाचा हात सगळीकडे लागलेला असावा, भोकं-खाचा मेणमातीने भरलेल्या असाव्यात. एक कोपरा जरी सुटला तर रायफल आणि बट जन्माची चिकटतात. इपॉक्सी सुकेपर्यंत स्क्रू आवळायचे नसतात, नाहीतर वाकलेल्या अ‍ॅक्शनचाच ठसा निघतो. नुसतं टेकवून, रबराच्या पट्ट्यांनी हलकं धरून ठेवायचं. आमचं हे काम एका रात्रीत झालं. सुई नंतर जेमतेम थरथरली.

स्क्रू किती आवळायचे हे हाताच्या अंदाजावर सोडू नका. अशा रायफलींसाठी साधारण 5 न्यूटन-मीटर चालतं, पण तुमच्या रायफलीच्या माहितीपुस्तकात जो आकडा असेल तोच धरा. सायकलच्या दुकानात मिळणारा छोटा टॉर्क रेंच याला पुरतो. या सगळ्या दुरुस्तीत मी विकत घेतलेलं एकमेव हत्यार हेच, आणि आज ते सगळा क्लब वापरतो.

बाकीचे संशयित

लाकूड निर्दोष निघालं तर पुढे काय बघायचं, ते थोडक्यात.

मागची साइट: दहा क्लिक उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे, दहा वर. ग्रुप मूळ जागी परतला नाही तर साइटचे आटे झिजलेत. जुन्या साइटमध्ये हे फार आढळतं. तात्पुरता उपाय म्हणजे हवं त्याच्या दोन क्लिक पुढे जाऊन नेहमी एकाच दिशेने परत यायचं.

अधूनमधून एखादी गोळी उगाच आठात जात असेल तर चेंबरच्या पुढच्या कडेला काजळीचं कडं साठलेलं असू शकतं. .22 मध्ये ते हमखास होतं. तिथे सॉल्व्हंट दहा मिनिटं मुरू द्यावं, मागून, बोअर गाइड (सळई नळीत सरळ नेणारा मार्गदर्शक) लावून, पितळी ब्रशचे मोजके हात. एनसीसीत आपण पुल-थ्रूला चिंधी बांधून बॅरल ओढत आलो, पण मॅच रायफलीत दोरी तोंडाच्या कडेवर घासणं टाळा. बॅरलचं तोंड, म्हणजे क्राउन, हीच गोळीला शेवटची लागणारी जागा. कानातल्या कापसाच्या काडीने तोंडाची आतली कड आतून बाहेर पुसा. कापसाचे तंतू एकाच जागी अडकत असतील तर तिथे ओरखडा आहे. तो आर्मररने नवीन कड काढून घालवायचा.

झाडलेल्या गोळ्यांच्या दहा रिकाम्या केसी रांगेत ठेवून पिनचे ठसे बघा. सगळे सारख्या खोलीचे हवेत. नसतील तर बोल्टमधलं जुनं, घट्ट झालेलं ग्रीस धुवून काढायला सांगा, आणि स्प्रिंग किती वर्षांची आहे ते विचारा. स्प्रिंग स्वस्त आहे, बिनदिक्कत बदला.

गोळ्यांबाबत एवढंच: महाग म्हणजे तुमच्या रायफलीला मानवणारी, असं नाही. मधल्या किमतीचे दोन-तीन प्रकार, दहा-दहाचे चार ग्रुप प्रत्येकी, आणि जो लॉट बसेल तोच वर्षभराचा घ्यायचा. मेक बदललात तर पहिल्या वीस-तीस गोळ्या मोजू नका. प्रत्येकाचं मेण-वंगण वेगळं असतं, बॅरलला ते अंगवळणी पडायला तेवढ्या लागतात.

पावसाळ्यात रायफल स्पंजाच्या बंद पेटीत ठेवू नका. स्पंज ओल धरून ठेवतो, लाकूड फुगतं आणि बॅरलला तांबूस ठिपके येतात ते वेगळंच. परवान्याप्रमाणे कुलपातल्या कपाटात उभी ठेवा, शेजारी सिलिका जेलची पिशवी, आणि ती पिशवी महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून कोरडी करा.

एवढं सगळं करूनही रेस्टवरचा ग्रुप, चांगल्या लॉटने, फुटलेलाच राहिला, तरच बॅरलवर या. तेव्हाही लगेच नवीन नको. आर्मररला आधी आतून बघू द्या, क्राउन पुन्हा काढू द्या.

माझ्या रायफलीच्या बटप्लेटमागे आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: इपॉक्सी कधी भरली, वार्निशचे हात कधी दिले, स्क्रू किती आवळले. खाली कागदाच्या पट्टीची नोंद. दर वर्षी 1 जुलै आणि 15 ऑगस्टला स्लिंग ताणून पट्टी घालतो. गेले चार पावसाळे ती टोकापासून अ‍ॅक्शनपर्यंत कुठेही न अडता गेली आहे, आणि मागच्या साइटचं आडवं चक्र मार्चमध्ये जिथे ठेवलं होतं तिथेच आहे.